शिवारात तयार होणारी वीज व गावाची जबाबदारी

रब्बी हंगामातील ओलीत हे पिकाच्या गरजेप्रमाणे व्हावे, असे कृषिशास्त्र सांगते. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पहिले पाणी मिळाले पाहिजे. ही पाळी हुकली तर पुढे कितीही पाणी दिले तरी फुटवे भरून येत नाहीत. तथापि महाराष्ट्रातील विहिरीवरचा शेतकरी आजवर पिकाकडे पाहून नव्हे, तर वीजवाहिनीच्या वेळापत्रकाकडे पाहून शेतात जात आला आहे. एक आठवडा दिवसा वीज, तर दुसरा आठवडा रात्री, हे चक्र त्याच्या अंगवळणी पडले आहे. पौषाच्या थंडीत मध्यरात्रीनंतर दारे धरणे म्हणजे काय, हे ज्याने धरली त्यालाच ठाऊक. पायाखालच्या सापाची भीती तर सर्वत्रच आहे. जुन्नर, शिरूर, संगमनेर, निफाड या उसाच्या पट्ट्यांत आता बिबट्याचे भय त्यात मिळाले आहे.

रात्रीच्या ओलिताने होणारे नुकसान एवढ्यावरच संपत नाही. अंधारात पाट कोठे फुटला हे दिसत नाही. एका वाफ्यात पाणी तुंबते, तर दुसरा कोरडा राहतो. थंडीचा त्रास चुकविण्यासाठी कित्येक शेतकरी मोटारीला आपोआप चालू होणारा स्टार्टर बसवून घरी निजतात. रात्री वीज येताच त्या रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, भार एकदम उसळतो आणि रोहित्र जळते. मग आठ-आठ दिवस कोणालाच पाणी नाही. प्रत्येकाने मोटारीला कपॅसिटर बसवावा आणि स्वयंचलित स्टार्टर काढावा, असे आवाहन वीज कंपनी वर्षानुवर्षे करीत आहे. परंतु जोपर्यंत वीज रात्री येते, तोपर्यंत ते आवाहन कानांपलीकडे जाणार हे उघड आहे. शेतीला दिवसा वीज मिळणे ही केवळ सोयीची बाब नसून तीत माणसाचा जीव, पिकाचे उत्पन्न आणि पाण्याची बचत या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

दिवसा वीज देण्याचा जो मार्ग आता राज्यात रुळत आहे, तो विजेच्या जुन्या व्यवस्थेहून मुळातच वेगळा आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली, पुढे कोराडी, परळी, एकलहरे, चंद्रपूर येथे कोळशावरची मोठी केंद्रे उभी राहिली. या सर्वांचा विचार एकच होता : वीज एका ठिकाणी मोठ्या प्रमाणावर तयार करावी आणि उंच मनोऱ्यांवरील तारांनी शेकडो मैल वाहून गावापर्यंत आणावी. गाव हे त्या व्यवस्थेचे शेवटचे टोक होते. वीज तेथे येत असे. तेथून निघत नसे. आता सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या फळ्यांमुळे उपकेंद्राशेजारच्या माळावर, विहिरीच्या काठावर, किंबहुना घराच्या छपरावरही वीज तयार होऊ शकते. गावाचे टोक हेच विजेचे एक उगमस्थान बनते.

ही कल्पना अगदीच अपरिचित आहे असे मात्र नव्हे. गोठ्यामागच्या गोबर गॅस यंत्राने घरातील चुलीचे इंधन घरीच तयार करण्याची वाट कित्येक दशकांपूर्वी दाखविली. सहकारी साखर कारखाने उसाचे चिपाड जाळून स्वतःपुरती वीज करतात आणि उरलेली वाहिनीत सोडतात. राज्यात अशा सहवीज प्रकल्पांची क्षमता २,००० मेगावॅटहून अधिक आहे. परंतु कारखान्याची वीज गळीत हंगामापुरती असते. सूर्याचे तसे नाही. आणि त्यातही विशेष हे की, ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत आकाश निरभ्र असते, तेव्हाच ओलिताची खरी निकड असते. पावसाळ्यात फळ्या मंदावतात, पण त्या दिवसांत विहिरीचे पाणी बहुधा लागतच नाही. पिकाची गरज व यंत्राची शक्ती यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्याही इंधनात आढळत नाही.

दोन मार्ग

शेतीपुरते बोलायचे तर सौर विजेचे दोन मार्ग शेतकऱ्यापुढे आहेत आणि ते वेगवेगळे आहेत हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी प्रथम स्पष्टपणे समजावून द्यावयास हवे. बोलण्यात दोन्हींना ‘सोलर’ म्हणून मोकळे होण्याची जी सवय पडली आहे, तिच्यामुळे बराच घोटाळा होतो.

पहिला मार्ग सामाईक आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्राशेजारी काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारावयाचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रात सोडावयाची आणि तेथून निघणाऱ्या शेतीच्या वाहिन्यांना ती दिवसा पुरवावयाची. शेतकऱ्याची मोटार तीच, तार तीच, खांब तेच. बदलतो तो विजेचा उगम. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या नावाने हे काम २०१७ साली सुरू झाले आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या दोन गावी त्याचे पहिले प्रयोग झाले. २०२३ साली ही योजना नव्या स्वरूपात आली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे तिचा ३ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील समारंभात एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले.

दुसरा मार्ग वैयक्तिक आहे. शेतकऱ्याच्या विहिरीवर फळ्या, नियंत्रक व पंप असा संपूर्ण संच बसतो. त्याला खांब नको, तार नको, बिल नको. केंद्राची २०१९ सालची कुसुम योजना आणि राज्याची २०२४ सालची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांतून तो मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे प्रमाण आहे. पाच वर्षे दुरुस्तीची हमी व विमा त्यात समाविष्ट आहे.

या दोहोंत श्रेष्ठ कोणता, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर जमिनीवर शोधावे लागते. जेथे वीजवाहिनी पोहोचलीच नाही, जेथे एका विहिरीसाठी दहा-पंधरा खांब टाकावे लागतील, अशा डोंगरकपारीच्या व आदिवासी पट्ट्यातील शेतीला वैयक्तिक पंपासारखा पर्याय नाही. डिझेल इंजिनाच्या खर्चातून तो शेतकऱ्याला सोडवितो. परंतु जेथे वाहिनी आहे, विहिरी दाटीने आहेत, तेथे सामाईक मार्गच अधिक हिताचा होय. कारण पुढीलप्रमाणे आहे.

५ अश्वशक्तीच्या पंपासाठी साधारण ४,८०० वॅटच्या फळ्या बसतात. वर्षाची सरासरी धरली तर त्या दिवसाकाठी सुमारे १९ ते २० युनिटे वीज देतात. आता बहुतेक जिरायत-बागायत मिश्र शेतीत पंप वर्षातून दीडशे दिवस चालला तरी पुष्कळ झाले. उरलेले दोनशे दिवस फळ्या उन्हात उभ्या राहतात, वीज तयार करण्याची शक्ती बाळगतात, आणि ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ही सुमारे चार हजार युनिटे होत. एका गावात असे शंभर संच असतील तर ही नासाडी चार लाख युनिटांवर जाते. तोच पैसा उपकेंद्राशेजारच्या प्रकल्पात घातला असता, तर शेताला पाणी नको त्या दिवशी त्या विजेवर पिठाची गिरणी, दूध शीतकरण केंद्र, दवाखाना चालला असता. सार्वजनिक पैशाचा हिशेब मांडताना ही बाब दृष्टीआड करता येत नाही.

वैयक्तिक पंप ज्यांच्याकडे आधीच बसले आहेत, त्यांनी यावर एक उपाय अवश्य करावा. एकाच संचावर पंपाबरोबर कडबाकुट्टी, गिरणी, शीतपेटी आदी यंत्रे चालविता येतील असे बहुउपयोगी नियंत्रक निघालेले आहेत. ते घेण्यापूर्वी मूळ पुरवठादाराची लेखी संमती घ्यावी, नाहीतर दुरुस्तीची हमी वादात सापडते.

सामाईक मार्ग निवडला म्हणजे सर्व काही साधले, असेही मानू नये. उपकेंद्रावर सौर प्रकल्प आल्याने दूरच्या केंद्रापासून उपकेंद्रापर्यंतची गळती वाचते. परंतु उपकेंद्रापासून विहिरीपर्यंतची तार जुनीच राहते. जेथे लघुदाबाची वाहिनी मैलभर लांब ओढलेली आहे, जेथे तारा लोंबल्या आहेत, जेथे २५ अश्वशक्तीच्या रोहित्रावर ४० अश्वशक्तीच्या मोटारी लागल्या आहेत, तेथे शेवटच्या शेतकऱ्याला दिवसाही दाब कमीच मिळणार. सूर्य रोहित्र दुरुस्त करीत नाही. गावाचा प्रकल्प पूर्ण झाला असे कागदावर नोंदले जाते आणि वाहिनीच्या टोकावरील वस्तीत मोटार ‘हूं’ करून थांबते, असा प्रकार होऊ द्यावयाचा नसेल, तर प्रकल्पाबरोबरच वाहिनीच्या दुरुस्तीची मागणी ग्रामसभेने ठरावाने केली पाहिजे. रोहित्रावर मंजुरीपेक्षा अधिक भार कोणाचा आहे, हे तर गावालाच उत्तम ठाऊक असते. तेथे वीज कंपनीकडे बोट दाखवून भागत नाही.

हेही ध्यानात असावे की, शेतीला दिवसा सूर्याची वीज मिळाली म्हणून मोठ्या केंद्रांची गरज संपत नाही. संध्याकाळी सात वाजता गावातील दिवे, शहरातील कारखाने यांना वीज हवीच असते आणि त्या वेळी सूर्य नसतो. कोयनेसारखा जलविद्युत प्रकल्प ऐन मागणीच्या वेळी क्षणार्धात चालू करता येतो, हे त्याचे मोल दिवसाच्या सौर विजेमुळे उलट वाढलेच आहे. दिवसा शिवारातील वीज आणि सायंकाळी धरणाची वीज अशी ही जोडी आहे.

पंप मागण्यापूर्वी

वैयक्तिक पंपाबाबत शेतकऱ्याला जी माहिती अर्ज भरण्यापूर्वी मिळावयास हवी, ती त्याला बहुधा पंप बसल्यावर कळते. यात गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम फार मोठे आहे.

शेतकरी वाहिनीवरील ५ अश्वशक्तीच्या मोटारीची सवय मनात धरून सौर पंपाकडे पाहतो. आठ तास अखंड वीज मिळाली तर ती मोटार सुमारे ३० युनिटे वापरते. सौर संच वीसच्या आत-बाहेर देतो. सौर पंपाची कार्यक्षमता बहुधा अधिक असते, तरीही दोहोंचे पाणी सारखे येईल अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. पाणी ३० मीटर उंच उचलावयाचे असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक लाख लिटरांच्या वर पाणी मिळते असे धरता येईल. एका एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे दोन लाख लिटर लागतात. अर्थात मोकाट पद्धतीने एका एकराला दीड ते दोन दिवस जातात. चार एकर गव्हाची एक पाळी पूर्ण होण्यास आठवडा लागेल, हे गृहीत धरून पेरणीच्याच वेळी शेताचे टप्पे पाडावेत. सर्व रान एकाच दिवशी पेरले तर शेवटच्या वाफ्याची मुकुटमुळांची पाळी चुकते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या खोलीची. तेवढ्याच विजेत दुप्पट खोलीवरून पाणी निम्मेच येते. यात कोणत्याही कंपनीच्या यंत्राची चूक नसून तो निसर्गनियम आहे. म्हणून पंपाची निवड दिवाळीच्या वेळी विहीर तुडुंब असताना मोजलेल्या पातळीवरून करू नये. चैत्र-वैशाखात पाणी जेथे जाऊन बसते, तो आकडा अर्जात लिहावा. कमी उंचीसाठी केलेला पंप घेतला तर तो हिवाळ्यात जोमाने चालतो आणि मार्चअखेर नुसताच फिरतो. ज्या भागात विंधन विहिरी पाचशे फुटांखाली गेल्या आहेत तेथे साडेसात अश्वशक्तीच्या सौर पंपाने बागायत उभी राहील, असे आश्वासन कोणीही देऊ नये. नव्या वीजजोडणीसाठी पैसे भरून वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांपुढे आता सौर पंप ठेवला जातो. त्यांतील ज्यांचे पाणी फार खोल आहे, त्यांची तक्रार रास्त आहे आणि ती वरपर्यंत गेली पाहिजे. राज्याच्या जलसंधारणाच्या कामांत साठविलेल्या पाण्यावर हे पंप लावता येत नाहीत, ही अटही अर्जापूर्वीच सांगावी.

सकाळी व संध्याकाळी ऊन मंद असल्याने सौर पंपाचा प्रवाह कमी-जास्त होतो. ठिबक संचाला मात्र सारखा दाब लागतो. त्यावर सर्वांत सोपा तोडगा म्हणजे पाणी प्रथम उंचावरील टाकीत घ्यावे व तेथून सोडावे, किंवा दुपारच्या भर उन्हाच्या चार तासांतच ठिबक चालवून संच त्या वेळेपुरता विभागून घ्यावा. वीज साठविण्याच्या बॅटऱ्या महाग असतात; टाकीत साठविलेले पाणी हीच शेतकऱ्याची बॅटरी होय. मात्र यासाठी विहिरीचे पाणी उपसून मोठाली प्लास्टिकची शेततळी भरण्याची जी पद्धत काही द्राक्ष व डाळिंब भागांत बोकाळली आहे, तिचे समर्थन करता येणार नाही. भूगर्भातील सुरक्षित पाणी वर काढून उन्हात वाफ होण्यासाठी पसरून ठेवणे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

फळ्यांच्या निगेबद्दल थोडेच सांगणे पुरे. धूळ बसली की वीज घटते; म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसाव्यात, भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. एका फळीच्या कोपऱ्यावर बाभळीची सावली पडली तरी साऱ्या रांगेची वीज कमी होते. फळ्यांच्या दक्षिणेला ऊस लावणारे शेतकरी आढळतात. ऊस दहा फूट वाढला की मग पंप बिघडल्याची तक्रार येते.

उपशाची आडकाठी

आता सर्वांत अवघड प्रश्न. जी गोष्ट शेतकऱ्याला जाचक वाटत होती, तीच नकळत विहिरीचे रक्षण करीत होती. वीज आठ तास, तीही रात्री, तीही कमी दाबाने; या गैरसोयीमुळे उपसा आपोआप आटोक्यात राहत असे. सौर पंपाला डिझेल नाही, बिल नाही, रात्र नाही. एकदा बसला की जास्तीचे एक घागर पाणी काढण्यास एक पैसाही पडत नाही. दुसरीकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या वीजपंपांना २०२४ सालच्या निर्णयाने २०२९ च्या मार्चपर्यंत वीज मोफत आहे. म्हणजे पाण्याची किंमत दोन्ही वाटांनी शून्यावर आली. अशा स्थितीत शेतकरी गव्हाऐवजी ऊस, हरभऱ्याऐवजी उन्हाळी भुईमूग यांकडे वळला तर त्यात नवल नाही. त्याला दोष देऊनही उपयोग नाही. व्यवहारच त्याला तिकडे ढकलतो.

म्हणून दिवसाची वीज आणि पाण्याचा ताळेबंद ही दोन कामे एकाच ग्रामसभेत झाली पाहिजेत, असा आग्रह धरणे प्राप्त आहे. गावाच्या पाणलोटात पाऊस किती पडला, किती मुरला, पिण्यासाठी व जनावरांसाठी किती राखावयाचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात, हे गाव ठरवू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी विंधन विहीर घेण्यावर व उसासारख्या पिकावर स्वतःहून बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरविली. हे कोणा अधिकाऱ्याने हुकूम काढून केलेले नाही. अटल भूजल योजनेतील गावांनी असे ताळेबंद अलीकडे मांडले आहेत. अनेक ठिकाणी ते भिंतीवर रंगविले गेले आणि तेथेच राहिले. ज्या गावात सौर वाहिनी येणार आहे, तेथे तो भिंतीवरचा आकडा पुन्हा वाचण्याची वेळ आली आहे.

गुजरातेतील खेडा जिल्ह्यात धुंडी या गावी २०१६ साली मोजक्या शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी स्थापन केली. त्यांचे सौर पंप वाहिनीला जोडलेले होते. ओलितास लागेल तेवढी वीज वापरावी व उरलेली वीज कंपनीला ४ रुपये ६३ पैसे युनिट या दराने विकावी, अशी ती व्यवस्था होती. यातील खुबी पुढील बाबीत आहे : पाणी उपसल्याशिवाय राहिलेला प्रत्येक तास शेतकऱ्याला पैसे देतो. जास्तीचे पाणी शेजाऱ्याला विकावे, की वीज कंपनीला विकावी, की पिकाला थोडे कमी पाणी देऊन दोन पैसे गाठी बांधावेत, याचा विचार तो स्वतःच करू लागतो. महाराष्ट्रात बसलेले बहुतेक सौर पंप वाहिनीला जोडलेले नाहीत, त्यामुळे हा लाभ येथील शेतकऱ्याला मिळत नाही. जेथे वाहिनी विहिरीजवळूनच जाते तेथे निदान काही तालुक्यांत हा प्रयोग महाराष्ट्रानेही निष्ठेने करून पाहावा. सहकाराची परंपरा या राज्याला परकी नाही. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने श्रीरामपूर परिसरात कित्येक वर्षे २०११ सालापर्यंत वीज वितरण सांभाळले. तिच्या यशापयशाचा अभ्यास नव्या मंडळ्यांना मार्गदर्शक ठरेल.

जमिनीचा प्रश्नही येथेच येतो. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. खाजगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये व त्यावर दरसाल ३ टक्के वाढ, असा दर ठरलेला आहे. मुरमाड, खडकाळ, पडीक रानाच्या मालकाला ही रक्कम वरदानासारखी आहे. परंतु हाच दर पाहून काळी ओलिताची जमीन फळ्यांखाली घालण्याचा मोह कोणास होत असेल, तर कार्यकर्त्याने त्याला परावृत्त करावे. करार दीर्घ मुदतीचा असतो आणि नातवाच्या हाती जमीन कशी येईल, हे आज सांगता येत नाही. सरकारी जमीन म्हणून काही ठिकाणी गायराने या कामी सुचविली जातात. कागदावर ती पड असतात. प्रत्यक्षात भूमिहीनाच्या दोन शेळ्या तिथेच चरतात. ग्रामपंचायतीला प्रकल्पामागे वर्षाला ५ लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. त्यातील काही भाग राखून उरलेल्या गायरानात चारा लावण्यास काय हरकत आहे?

मोजणी कशाची

२०२५ साली महाराष्ट्रात एका महिन्यात ४५ हजारांहून अधिक सौर पंप बसले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हा पराक्रम लहान नव्हे. शासकीय यंत्रणा मनावर घेतले तर काय करू शकते, याचा तो पुरावाच होय. परंतु पंप मोजला जातो तो बसविण्याच्या दिवशी. शेतकऱ्याला त्याची गरज पुढची वीस-पंचवीस वर्षे असते. फळ्या तेवढा काळ टिकतात. नियंत्रक व पंप मात्र त्याआधीच दुरुस्तीस येतात. हमी पाच वर्षांची आहे. सहाव्या वर्षी नियंत्रक बंद पडला तर तालुक्याच्या गावी तो उघडून पाहणारा माणूस आहे काय? मोटार जळाली तर ती भरून देणारा कारागीर दर बाजारगावी सापडतो, कारण ती विद्या आता दोन पिढ्या जुनी आहे. सौर नियंत्रकाची विद्या अद्याप बाजारगावी पोहोचलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या गावच्याच तरुणांना हे काम शिकविले व त्यांना सुट्या भागांचे दुकान घालण्यास कर्ज मिळाले, तर पंपांच्या संख्येपेक्षा ती गोष्ट शेतकऱ्याच्या अधिक कामी येईल.

तोपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक साधी वही ठेवावी. तीत प्रत्येक सौर पंपाचा बसविल्याचा दिनांक, हमी संपण्याचा दिनांक, पुरवठादाराचा तक्रार क्रमांक, विम्याचा कागद कोठे आहे ती जागा आणि विहिरीची दिवाळीतील व वैशाखातील पातळी लिहावी. गारपीट, वादळ किंवा चोरी झाल्यावर विम्याचा कागद शोधण्यात जे दिवस जातात तेवढ्यातच पीक वाळते. २०१८ नंतरच्या पहिल्या योजनांतून बसलेल्या पंपांची हमी संपत आली आहे किंवा संपलेली आहे. पाहणीला सुरुवात त्यांच्यापासून करावी. खरिपाची काढणी उरकून गव्हाची पेरणी व्हावयाची असते, त्या ऑक्टोबरच्या पंधरवड्यात शेतकरी शेतावरच भेटतो आणि ऊनही स्वच्छ असते. पंप चालवून पाहण्यास तोच काळ सोयीचा पडेल.